बसलेली कमान

डोंगराळ मुलखांत वीस-पंचवीस वर्षें राबलेली एखादी जीपगाडी सपाट जागीं रिकामी उभी करावी आणि दहा पावलें दूर जाऊन तिच्याकडे बाजूनें पाहावें. पुष्कळदां तिचें नाक वर गेलेलें आणि पाठ खालीं आलेली दिसते. मागच्या पायांवर टेकूं पाहणाऱ्या कुत्र्यासारखा तिचा एकंदर आव असतो. गॅरेजांतील मंडळी म्हणतात, "हिच्या कमानी बसल्या." मालकाची समजूत अशी होते कीं, पोलाद म्हातारें झालें आणि माणसाच्या स्नायूंप्रमाणें ढिलें पडलें. मग "दोन पाटे जादा टाका," असा हुकूम सुटतो. आजच्या भाषणांत मला सांगावयाचें आहे तें हें कीं, पोलाद असें ढिलें पडत नाहीं. बसलेली कमान आपला जोर गमावीत नाहीं. ती आपला आकार गमाविते. हा भेद नीट उलगडण्यास युरोपांतील विद्वानांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि तो ध्यानांत न घेतल्याचे परिणाम आपल्या घाटरस्त्यांवर माणसांना भोगावे लागतात.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. आपल्या भाषेंत धनुष्यालाहि कमान म्हणतात, दरवाज्यावरील महिरपीलाहि कमान म्हणतात आणि टांग्याच्या स्प्रिंगलाहि कमानच म्हणतात. तिन्हींत बाक आहे आणि तिन्हींत ओझें किंवा ताण सोसण्याची युक्ति आहे. मोटारीच्या कमानींत पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात; त्या एकेका पट्टीस पाटा म्हणतात. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याचीं दोन्ही टोकें वळवून त्यांना डोळे केलेले असतात. एक डोळा सांगाड्याला खिळीनें जखडलेला, तर दुसरा 'शॅकल' नांवाच्या झुलत्या दुव्याला अडकविलेला असतो. कारण ओझ्यानें कमान सपाट होऊं लागली म्हणजे तिची लांबी वाढते आणि त्या वाढीस कोठें तरी वाट द्यावी लागते. मध्यभागीं यू-बोल्टांनीं चाकांचा आंस आवळलेला असतो. ही कमान एकटी तीन कामें करते. ती ओझें पेलते, आंसाला जागचा हलूं देत नाहीं, आणि पाट्यांच्या परस्पर घर्षणानें गाडीचें झुलणें थोडेंबहुत आंवरते. इतक्या अल्प किंमतींत इतकें काम करणारें दुसरें साधन मोटारींत क्वचितच असेल.

या कमानीमागील शास्त्राचा आरंभ मोठा मनोरंजक आहे. सन १६६५ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस लंडनजवळ कर्नल ब्लाउंट नांवाच्या गृहस्थाच्या घरीं रॉयल सोसायटीचे कांहीं सभासद जेवावयास गेले होते. इंग्रजी आरमाराच्या कचेरींतील अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें आपल्या रोजनिशींत त्या दिवसाची हकीकत नमूद केली आहे. जेवणें आटोपल्यावर घोडागाड्या सुखकर कशा कराव्या याचे प्रयोग झाले. त्यांतील एका गाडीचा सबंध डोलारा एकाच लांब स्प्रिंगवर ठेवलेला होता, आणि तीच सर्वांत सुखाची ठरली. मंडळी पाळीपाळीनें तींत बसून आली. या मंडळींत रॉबर्ट हूक होता. त्याला तेव्हां तिशीहि पुरी झाली नव्हती.

हूकनें पुढें स्प्रिंगांवर पुष्कळ प्रयोग केले. आपल्याला सांपडलेला नियम दुसऱ्या कोणी पळवूं नये, म्हणून १६७६ सालीं त्यानें तो अक्षरें उलटसुलट करून एका कोड्याच्या रूपानें छापला आणि दोन वर्षांनीं, १६७८ सालीं, त्याचा उलगडा केला. नियम असा कीं, स्प्रिंगवर ओझें दुप्पट केलें तर ती दुप्पट दबते, तिप्पट केलें तर तिप्पट, आणि ओझें काढलें कीं पूर्वस्थितीवर येते. मीं शाळेंत हा नियम किती वर्गांना शिकविला असेल याची मोजदाद नाहीं. तराजूच्या कांट्याला लोंबणारी स्प्रिंग, तिला एकेक वजन अडकवावयाचें आणि मुलांनीं वहींत आंकडे लिहावयाचे. मुलांना खरा आनंद मात्र स्प्रिंग जास्त ओढून ती कायमची लांब करण्यांत वाटत असे. नियमाची जी मर्यादा, तीच त्यांच्या मौजेची जागा!

या मर्यादेवर स्वच्छ प्रकाश पाडला तो फ्रेंच इंजिनिअर कूलों यानें. वीज आणि चुंबक यांविषयींच्या नियमामुळें त्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु १७८४ सालीं त्यानें तारांच्या पिळावर जो निबंध लिहिला, त्यांत पोलादाविषयींहि एक मार्मिक गोष्ट आहे. त्यानें निरनिराळें पाणी दिलेल्या सारख्या मापाच्या पोलादी पट्ट्या घेतल्या व त्यांवर सारखें ओझें ठेवून पाहिलें. कडक पाणी दिलेली पट्टी कमी वांकेल आणि मऊ पट्टी जास्त वांकेल, असें कोणासहि वाटावें. तसें झालें नाहीं. दोन्ही सारख्याच वांकल्या. फरक पुढें पडला. ओझें वाढवीत गेल्यावर मऊ पट्टी लवकर वांकडी ती वांकडीच राहिली, आणि कडक पट्टी बऱ्याच मोठ्या ओझ्यापर्यंत सोडतांच सरळ होत राहिली. म्हणजे ताठरपणा हा पोलादाचा जवळजवळ अढळ धर्म आहे. पाणी देण्यानें वाढते ती केवळ सीमा, जिच्यापलीकडे गेल्यास आकार कायमचा बदलतो.

आतां पुन्हां आपल्या जीपकडे वळूं. समजा, तिची मागील कमान नवी असतांना दर शंभर किलोग्रॅमला एक इंच दबत होती. तीच कमान बसल्यावरहि दर शंभर किलोग्रॅमला एक इंचच दबेल. बिघडला तो आरंभबिंदु. पूर्वी जेथून दबण्यास सुरुवात होई त्याच्या दोन इंच खालून आतां होते. आंस आणि सांगाडा यांमध्यें रबराचा एक ठोकळा असतो, तो धक्का बसूं नये म्हणून शेवटचा उपाय. आरंभच दोन इंच खालीं आल्यामुळें प्रत्येक खड्ड्यांत आंस त्या ठोकळ्यावर आदळतो, आणि बसणाऱ्याला वाटतें कीं कमान मऊ पडली. वस्तुतः त्याला जो हादरा बसतो तो कमान संपल्याचा असतो. कांहींजण या अवस्थेंत नवे शॉक अब्सॉर्बर घालून पाहतात. परंतु सामान्य शॉक अब्सॉर्बर हा झुलणें शमविणारा आहे, ओझें पेलणारा नव्हे; त्याच्याकडून उंचीची अपेक्षा करणें म्हणजे पाळण्याची दोरी धरणाऱ्याकडून पाळणा उचलून धरण्याची अपेक्षा करण्यासारखें आहे.

कमानीला आजचें रूप आलें तें घोडागाड्यांच्या काळांत. लंडनमधील लँबेथ येथील गाड्या बांधणारा ओबाडाया एलियट यानें १८०४ च्या सुमारास दोन कमानी समोरासमोर जोडून लंबवर्तुळाकार स्प्रिंग बसविण्याची रीत काढली. त्यामुळें पुढील व मागील आंस जोडणारा जड लांकडी दांडा गाळतां आला आणि गाड्या हलक्या झाल्या. मोटारींनीं हीच कमान अर्धी करून उचलली. कमानीला अनेक पाटे कां, एकच जाड पट्टी कां नाहीं, असा प्रश्न चतुर श्रोत्याच्या मनांत येईल. पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागीं सात मिलिमीटरचा पाटा घातला, तर जाडी षष्ठांशानेंच वाढली, पण ताठरपणा दीडपटीहून अधिक झाला. शिवाय पट्टी जितकी जाड तितका तेवढ्याच वांकण्यानें तिच्या पृष्ठभागावर ताण अधिक. म्हणून पातळ पाटे पुष्कळ घ्यावयाचे. ते लवतातहि आणि सर्व मिळून ओझेंहि उचलतात. मध्यापासून टोकांकडे ओझ्याचा परिणाम कमी होत जातो, म्हणून खालचे पाटे क्रमानें आंखूड.

येथें एका दुर्घटनेचा उल्लेख करणें भाग आहे. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला परत येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि पन्नासाहून अधिक माणसें दगावलीं. दक्षिण ध्रुवाकडील सागरांतून सुखरूप परत आलेला प्रसिद्ध दर्यावर्दी द्यूमाँ द्युर्व्हिल हा आपल्या बायकोमुलासह त्या गाडींत होता, तिघेहि गेले. चांगलें लोखंड सामान्य ओझ्याखालीं अकस्मात् कां मोडतें, हा प्रश्न या अपघातानें ऐरणीवर आला. पुढें जर्मन रेल्वे-इंजिनिअर आउगुस्ट व्होलर यानें अनेक वर्षें आंसांवर प्रयोग करून दाखविलें कीं, एकदां दिल्यानें मुळींच अपाय न करणारा ताण लाखों वेळां दिला, तर धातूला बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि शेवटीं धातु मोडते. धातूचा हा थकवा. तेव्हां बसणें आणि मोडणें हे कमानीचे दोन वेगळे रोग आहेत. बसणें सीमा ओलांडल्यानें, मोडणें पुनरावृत्तीनें. गाडी एकाच बाजूस झुकली असेल तर आधीं मोडका पाटा शोधावा. दोन्ही बाजूंस सारखी खालीं आली असेल तर बहुधा कमानी बसल्या आहेत. पाट्यांमध्यें साचलेली माती आणि गंज दोन्ही रोगांस मदत करतात, कारण गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे चिरेचें बीज.

जीपचा जन्म घाईंत झाला. युरोपांत युद्ध पेटलेलें असतां १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखान्यांकडे मागणी धाडली कीं, चारी चाकें ओढणारी एक हलकी टेहळणी-गाडी हवी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. पेनसिल्व्हानिआंतील बॅन्टम या लहानशा कंपनीनें तो २३ सप्टेंबर १९४० रोजीं मुदतींत नेऊन दिला. पुढें विलीज आणि फोर्ड यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. या गाडीचें दफ्तरी वर्णन 'पाव टनी' असें होतें, म्हणजे तिनें पाठीवर सुमारें सव्वादोनशें किलोग्रॅम न्यावे, एवढीच अपेक्षा. हा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. युद्धानंतर महिंद्र अँड महिंद्र या कंपनीनें १९४९ सालीं सुट्या भागांच्या रूपानें आलेल्या विलीज जीपगाड्यांची जोडणी मुंबईंत माझगांवीं सुरू केली, आणि तेव्हांपासून ही गाडी तलाठ्याच्या, फॉरेस्ट अधिकाऱ्याच्या, दौऱ्यावरील डॉक्टरच्या आणि निवडणुकींतील उमेदवाराच्या संसारांत शिरली. सैन्यासाठीं केलेली वस्तु इतकी घरची झाल्याचें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं.

आणि मग वडाप आलें. सातारा-कोल्हापुराकडील श्रोत्यांना हा शब्द समजावून सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच कीं, एस. टी. वेळेवर न मिळणाऱ्या गांवांना माणसें भरून नेणारी खाजगी जीप म्हणजे वडाप. तिच्या उपयोगाविषयीं मी अनुदार बोलणार नाहीं. बाळंतीण बाईला दवाखान्यांत आणि मुलांना परीक्षेच्या केंद्रावर याच गाडीनें पोंचविलें आहे. पण बाकांवर दाटी करून शिवाय मागच्या पायरीवर चौघे लोंबकळत आहेत, हें चित्र डोळ्यांपुढें आणा आणि थोडें गणित करा. जुन्या जीपच्या दोन आंसांमधील अंतर ८० इंच. हे चौघे प्रत्येकीं साठ किलोग्रॅमचे धरले तर २४० किलोग्रॅम झाले. म्हणजे मूळ पाव टनाचा हिशेब पायरीवरच संपला. ते मागील आंसाच्याहि मागें सुमारें वीस इंच उभे आहेत. तरफेच्या नियमानें मागील आंसावर २४० नव्हे तर ३०० किलोग्रॅम पडतात, आणि पुढचीं चाकें ६० किलोग्रॅमनें हलकीं होतात. ज्या चाकांनीं वळावयाचें आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा भाग अवलंबून, तींच हलकीं! रात्रीं तर दिव्यांचा झोत रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. माझ्या माहितीचा एक वडापवाला मोठ्या अभिमानानें सांगत असे कीं, त्याच्या गाडीचा उजेड समोरच्या डोंगरावर पडतो. तो उजेड खालच्या वळणावर कां पडत नाहीं, हें विचारणारा त्याला कोणी भेटला नसावा.

आतां उपायांकडे. सर्वांत प्रचलित उपाय जादा पाटा घालण्याचा. गाडी उचलली जाते, हें खरें. परंतु हरवली होती उंची आणि वाढविला ताठरपणा. ओझें कायमच वाढलें असेल तर तो उपाय न्याय्य आहे. रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या गाडीस मात्र तो शिक्षेसारखा होतो. चाकें खड्ड्यावरून उड्या मारतात, आणि कमानीनें न घेतलेला धक्का सांगाड्याला घ्यावा लागतो. जुन्या जीपच्या सांगाड्याला कमानीच्या आधारांपाशीं चिरा दिसल्या, तर वर किती पाटे चढविले आहेत तें आधीं मोजून पाहावें. दुसरी युक्ति लांब शॅकलची. शॅकल दोन इंच लांब केलें तर कमानीचें एकच टोक दोन इंच सरकतें, म्हणून गाडी एकच इंच वर येते. आणि आंस थोडा फिरून ओढदांड्याच्या सांध्याचा कोन बिघडतो, तो निराळाच. ही युक्ति स्वस्त आहे, याहून तिच्या बाजूनें मला कांहीं सांगतां येत नाहीं.

तिसरा उपाय पाट्यांना पुन्हां बाक देण्याचा. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गांवीं हें काम करणारे कारागीर सांपडतात आणि त्यांच्या हाताला डोळा असतो. पाटे सुटे करून, थंड असतांनाच, ऐरणीवर ठोकून त्यांना बाक आणतात. गाडी त्या दिवशीं नवरीसारखी ताठ निघते, आणि कांहीं महिन्यांत पुन्हां पूर्वपदावर येते. कां, तें समजण्यासाठीं कारखान्यांत काय करतात तें पाहिलें पाहिजे. तेथें नव्या कमानीला हव्या त्याहून अधिक बाक देतात आणि मग यंत्रानें तिला इतकी दाबतात कीं ती सीमा ओलांडून थोडी बसते. इंग्रज कारागीर या क्रियेला स्क्रॅगिंग म्हणतात. रस्त्यावर बसूं नये म्हणून कारखान्यांतच बसवून घेतलेली कमान! ओझ्याच्याच दिशेनें एकदां सीमा ओलांडल्यामुळें पाट्याच्या ज्या पृष्ठभागावर पुढें ताण पडावयाचा, त्यांत उलट दिशेचा दाब शिल्लक राहतो, आणि रस्त्यावरील ओझ्याला प्रथम तो दाब फेडावा लागतो. थंड ठोकण्यांत याच्या अगदीं उलट घडतें. बाक ओझ्याच्या विरुद्ध दिशेला दिल्यामुळें शिल्लक राहतो तोहि विरुद्ध, आणि कमान बसण्यास अधिकच उत्सुक होते. म्हणून पाटे भट्टींत लालबुंद तापवून बाक द्यावा, तेलांत बुडवून पाणी द्यावें, पुन्हां मध्यम उष्णतेवर ठेवून ठिसूळपणा घालवावा आणि शेवटीं दाबून बसवून घ्यावे. एवढें करणारा कारागीर मिळाला तर जुनी कमान खरोखर नवी होते. न मिळाला तर नवी विकत घेणें स्वस्त पडतें. एक दक्षता मात्र हवी. चीर पडलेल्या पाट्याला बाक देऊं नये, तो बदलावा. चीर पाण्यानें बुजत नाहीं.

कमानीचें आयुष्य वाढविणारी आणखी एक क्रिया विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत रूढ झाली, ती म्हणजे पृष्ठभागावर पोलादी गोळ्यांचा वेगानें मारा करण्याची. जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन यानें तिचें मोजमाप बसविलें. त्याच्या नांवाची पातळ पट्टी आजहि त्या मोजणीसाठीं वापरतात. मारा केलेला पृष्ठभाग दाबलेल्या स्थितींत राहतो आणि व्होलरनें दाखविलेली चीर तेथें सहज उगवत नाहीं.

पाट्यांचा त्रास चुकविण्यासाठीं पुढें गुंडाळीच्या स्प्रिंगांकडे लोक वळले. इंग्लंडांत रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यानें युद्धांतली जुनी जीप आपल्या शेतावर वापरून पाहिली, आणि तिच्यावरून लँड रोव्हर तयार होऊन ती १९४८ सालीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली गेली. तीहि पाट्यांवरच होती. इतकेंच नव्हे तर ड्रायव्हरच्या बाजूची कमान दुसऱ्या बाजूहून अधिक बाकाची असे, कारण त्या बाजूला नेहमीच एक माणूस बसणार. बसलेल्या कमानी बदलतांना डावी-उजवी उलट घातली, तर नवी गाडीहि एका बाजूस झुकते. त्याच कंपनीच्या १९७० सालच्या रेंज रोव्हरला चारी चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, आणि मागील आंसावर गाडी चालतांना ओझ्याप्रमाणें आपोआप उंची राखणारें एक यंत्र बसविलें गेलें. मऊ स्प्रिंग हवी आणि पाठहि खालीं जाऊं नये, या दोन्ही मागण्या त्यानें एकदम पुऱ्या केल्या. मात्र तें यंत्र निकामी झालें कीं सारा भार त्या मऊ स्प्रिंगांवर येतो आणि गाडी मागून बसते. तेव्हां तेथें स्प्रिंगा बदलण्यापूर्वीं यंत्र तपासावें लागतें.

ज्यांच्या घरीं जुनी जीप आहे त्यांच्यासाठीं एक सूचना करून थांबतों. गाडी रिकामी, सपाट फरशीवर, टायरांत हवा बरोबर भरलेली, अशी उभी करावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर मोजून वहींत तारखेसह लिहावें, आणि आंस व रबरी ठोकळा यांमधील मोकळी जागाहि लिहावी. नवी कमान किंवा नवा बाक दिल्यावर यू-बोल्ट व शॅकलच्या खिळी ढिल्या ठेवून गाडी आपल्या चाकांवर उतरवावी, आणि सर्व वजन कमानींवर आल्यावरच त्या शेवटच्या आवळाव्या; नाहींतर रबराचे बुश पहिल्या दिवसापासून पिळलेले राहतात. पहिल्या शे-दीडशें किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हां आवळावे, त्याच फरशीवर तींच मापें पुन्हां घ्यावीं, आणि त्या दिवशीं संध्याकाळीं भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा झोत पुन्हां जुळवून घ्यावा.